नाताळचा कस्टर्ड टार्ट: तळ कुरकुरीत, कस्टर्ड मऊ

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाताळच्या जेवणाला दहा-बारा माणसं येणार, सुक्या मेव्याचा केक सगळ्यांकडे होतोच, म्हणून इंग्लिश पद्धतीचा, वर जायफळ किसलेला मोठा कस्टर्ड टार्ट करायचा आहे. घरी 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आहे. मागे करून पाहिला तेव्हा तळ ओला राहिला, कस्टर्डला पाणी सुटलं, मधोमध चीर गेली आणि अंड्याचा उग्र वास आला. आदल्या दिवशी करून ठेवता येईल का, कस्टर्ड पावडर चालेल का आणि अंडं न खाणाऱ्या दोघांसाठी काय करावं, हेही विचारलं आहे.

चारही तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि ते साहित्यात नाही, आचेत आहे. पेस्ट्रीला कडक आच लागते. 190 अंशांवर ती नीट भाजली तरच खुसखुशीत होते. कस्टर्डला तेवढी आच सोसत नाही, त्याचं स्वतःचं तापमान 80 अंशांच्या पलीकडे गेलं की ते बिघडायला लागतं. एकाच टिनमध्ये, एकाच वेळी, एकाच आचेवर दोन्ही भाजायला गेलं तर दोन्ही फसतात. तळ शिजेपर्यंत कस्टर्ड फाटतं, नाहीतर कस्टर्ड सांभाळताना तळ कच्चा राहतो. म्हणून पेस्ट्री आधी पूर्ण भाजून घ्यायची, अगदी अशीच खाता येईल इतकी, आणि मग आच उतरवून त्यात कस्टर्ड हळूहळू बसवायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी हा पदार्थ नेमका कोणता, ते स्पष्ट करते, कारण 'कस्टर्ड टार्ट' म्हटलं की गोव्याशी नातं असलेल्यांच्या डोळ्यांसमोर पोर्तुगीज पाश्तेल द नाता येतो. तो वेगळा. त्याचं कवच पापुद्र्यांचं असतं, कस्टर्डमध्ये थोडं पीठ असतं आणि तो अतिशय कडक भट्टीत झटपट भाजतात, म्हणूनच त्याच्यावर काळपट डाग पडतात. लिस्बनच्या बेलें भागातलं त्याचं प्रसिद्ध दुकान 1837 पासून चालू आहे. इंग्लिश टार्टचं कवच बिस्किटासारखं भुसभुशीत, आत पीठ अजिबात नाही, फक्त अंडी, दूध, क्रीम आणि साखर, आणि भाजणं मंद. इंग्लंडमध्ये तो वर्षभर खातात, नाताळचा मान तिथे पुडिंग आणि सुक्या मेव्याचं सारण भरलेल्या मिन्स पायला आहे. पण मेजवानीच्या ताटात तो फार जुना आहे. 1399 मध्ये इंग्लंडचा राजा चौथ्या हेन्रीच्या राज्याभिषेकाच्या पंगतीत असेच गोड कस्टर्डचे टार्ट वाढले होते, आणि 2006 मध्ये राणी एलिझाबेथच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या मेजवानीत मार्कस वेअरिंग या शेफने शेवटचा गोड पदार्थ म्हणून जायफळाचा कस्टर्ड टार्टच ठेवला. तेव्हा नाताळला तो करण्यात काही वावगं नाही. भरपेट जेवणानंतर गच्च केकपेक्षा हा हलका वाटतो.

आता प्रमाण. 20 सेंटीमीटर व्यासाचा, किमान 3 सेंटीमीटर उंचीचा, तळ सुटा निघणारा टिन घ्या. बाजारात कडेला चुण्या असलेले जे उथळ टार्ट मोल्ड मिळतात ते या कामाचे नाहीत. कस्टर्डचा थर जाड असेल तरच सुरीला तो मऊपणा जाणवतो. साधा अॅल्युमिनियमचा टिन उत्तम. काळ्या नॉनस्टिक टिनमध्ये कडा लवकर काळवंडतात, तो असेल तर पेस्ट्रीवर पाच मिनिटं आधीपासून नजर ठेवा.

पेस्ट्रीसाठी 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम थंड बिनमिठाचं बटर, 60 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि एक छोटं अंडं फेटून. कस्टर्डसाठी 250 मिली फुलक्रीम दूध, 250 मिली क्रीम, 2 अख्खी अंडी, 5 पिवळे बलक, 80 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, लिंबाच्या सालीचे दोन पातळ तुकडे आणि एक जायफळ. यात आठ ते दहा जणांचं होतं. बारा माणसांसाठी मोठ्या टिनच्या मागे लागू नका, दोन टार्ट करा आणि ते एकामागून एक भाजा. 28 लिटरच्या ओटीजीत दोन टिन कोंबले की हवा फिरत नाही आणि दोन्ही एका बाजूला लाल होतात.

अंड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पाश्चात्त्य पाककृती जशीच्या तशी उचलली की पहिली गडबड इथेच होते. ब्रिटनमधलं 'लार्ज' अंडं 63 ते 73 ग्रॅमचं असतं. आपल्याकडचं किराणा दुकानातलं अंडं बहुतेक वेळा 50-55 ग्रॅमचं. तिकडच्या पाककृतीत चार अंडी म्हटलं आणि आपण इथली चार घातली तर कस्टर्ड सैल राहतं, आणि मग ते घट्ट व्हावं म्हणून आपण भाजत राहतो. वजन काटा वापरा: कवचाशिवाय दोन अंडी साधारण 90 ग्रॅम, पाच बलक साधारण 80 ग्रॅम, मिळून 170 ग्रॅम. याच्या जवळपास असलात की बस. परदेशात राहणाऱ्यांनी हेच वजन धरलं तर अंड्यांची संख्या आपोआप कमी होईल.

फक्त बलक घातले तर कस्टर्ड अतिशय रेशमी होतं पण कापताना थोडं ढळतं. फक्त अख्खी अंडी घातली तर कापायला सोपं, पण खाताना रबरी. घरच्या ओटीजीत दोन्हीचा मेळ बरा. अंड्याच्या वासाचा संबंधही इथेच आहे. तो वास प्रामुख्याने पांढऱ्यातल्या गंधकाच्या संयुगांचा, आणि पांढरा जास्त तापला की तो सुटतो. म्हणजे पांढरा कमी आणि आच मंद, हे त्यावरचे खरे उपाय. व्हॅनिलाची अर्धी बाटली ओतून तो वास लपत नाही.

क्रीमचंही असंच. टेट्रापॅकमध्ये मिळणाऱ्या 'फ्रेश क्रीम'मध्ये 25 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, फुलक्रीम दुधात 6 टक्के. दोन्ही निम्मं निम्मं घेतलं की 15-16 टक्क्यांचं मिश्रण मिळतं आणि ते या टार्टला अगदी पुरेसं आहे. म्हशीचं ताजं दूध मिळत असेल तर फारच छान, ते तापवून साय न काढता वापरा. केकच्या सजावटीसाठी मिळणारं वनस्पती तेलाचं गोड व्हिपिंग क्रीम मात्र घालू नका, त्यात आधीच साखर असते आणि भाजल्यावर त्याचा तेलकटपणा टाळूला चिकटतो. लंडन किंवा लीड्सला राहणाऱ्यांना 48 टक्क्यांचं डबल क्रीम सहज मिळतं. ते असेल तर 150 मिली क्रीम आणि 350 मिली दूध घ्या, नाहीतर टार्ट जड होतो.

साखर 80 ग्रॅम आपल्या जिभेला कमी वाटेल. 100 ग्रॅमपर्यंत वाढवायला हरकत नाही, त्यापुढे नको. साखर वाढली की अंडं घट्ट व्हायला जास्त तापमान लागतं आणि बसलेलं कस्टर्डही सैल राहतं. गोडाची हौस असेल तर सोबत काहीतरी गोड द्या, टार्टच्या आत नको.

पेस्ट्री मळण्यात फार गहन काही नाही. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, इथे बटर फ्रीजमधून काढलेलं, थंड. मैदा, पिठीसाखर, मीठ एकत्र करून त्यात बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळायचे, रवाळ झालं की अंडं घालून गोळा करायचा. मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. चपटी चकती करून फ्रीजमध्ये तासभर. मग प्लास्टिकच्या दोन जाड कागदांमध्ये ठेवून 3 मिलिमीटर जाडीची पोळी लाटा. असं लाटलं की वरून पीठ लावावं लागत नाही आणि पेस्ट्री कोरडी पडत नाही. टिनमध्ये घालताना कडेच्या कोपऱ्यात बोटाने दाबून नीट बसवा, तिथे पोकळी राहिली तर भाजताना कडा खाली घसरतात. वरचा भाग कापू नका, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर बाहेर लोंबू द्या. पेस्ट्री भाजताना आकसते, आधीच कापली तर एका बाजूने कड बुटकी होते आणि कस्टर्ड तिथूनच बाहेर वाहतं. उरलेल्या पिठाची लिंबाएवढी गोळी जपून ठेवा, ती पुढे लागेल. टिन अर्धा तास पुन्हा फ्रीजमध्ये.

आता पहिली भाजणी. ओव्हन 190 अंशांना तापवा, निदान वीस मिनिटं. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतलं तापमान तितकं झालंच असं नाही. बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत 20 अंशांचा फरक मी कितीतरी ओव्हनमध्ये पाहिला आहे. चारशे-पाचशे रुपयांचा आत टांगायचा थर्मामीटर घ्या. मंद आचेवरच्या या पदार्थाला तो अत्यावश्यक मानते, महागडा मिक्सर नसला तरी चालेल.

बेकिंग पेपर चुरगळून पुन्हा सरळ करा म्हणजे तो कोपऱ्यात नीट बसेल, तो पेस्ट्रीवर अंथरा आणि काठोकाठ राजमा किंवा हरभरे भरा. तळाला नुसता एक थर टाकून उपयोग नाही, वजन कडांना आधार देण्यासाठी असतं. बेकिंग पेपरच घ्या, साध्या बटर पेपरचा काही वेळा तुकडा चिकटून राहतो. वीस-बावीस मिनिटांनी कागद कडेने उचलून पाहा: कडेची पेस्ट्री कोरडी आणि फिकट सोनेरी दिसली की कागद आणि कडधान्य काढून घ्या. तळ या क्षणी ओलसर, पारदर्शक तुपकट दिसेल. बहुतेक जण इथेच थांबतात आणि कस्टर्ड ओततात, आणि ओल्या तळाची तक्रार इथूनच जन्म घेते. टिन परत आत ठेवा, खालच्या जाळीवर, आणखी दहा-बारा मिनिटं, तळ मारी बिस्किटाच्या रंगाचा होईपर्यंत. नखाने हलकेच वाजवला तर कोरडा आवाज यायला हवा. नंतरच्या मंद आचेत पेस्ट्रीचा रंग जवळपास बदलत नाही, म्हणून जो रंग हवा तो आत्ताच आणायचा.

मग भेगा तपासा. टिन उजेडाकडे धरून आतून बघा, विशेषतः तळ आणि कड जिथे मिळतात तिथे. केसाएवढी चीरही कस्टर्डला पुरते. ते आधी अगदी पातळ असतं, चिरेतून पेस्ट्री आणि टिनच्या मधे उतरतं, आणि तुम्हाला वर काहीच दिसत नाही. राखून ठेवलेल्या गोळीतलं कच्चं पीठ बोटाने चिरेत भरा, अगदी पातळ, नुसतं लिंपल्यासारखं. मग बलक काढल्यावर उरलेला पांढरा फेटून ब्रशने आतून सगळीकडे एक हात द्या आणि टिन तीन मिनिटं ओव्हनमध्ये. पांढरा वाळून चकाकणारा पातळ पडदा तयार होतो आणि कस्टर्डचा ओलावा तळाशी जायला वेळ लागतो. एवढी दोन कामं केलीत की ओल्या तळाचा प्रश्न नव्वद टक्के संपला. राहिलेले दहा टक्के कस्टर्ड किती वेळ पातळ राहतं त्यावर आहेत.

कस्टर्ड घट्ट होतं ते अंड्यातल्या प्रथिनांमुळे. कच्च्या अंड्यात ती गुंडाळी करून असतात, उष्णतेने उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात दूध धरून ठेवतात. नुसत्या अंड्याचा पांढरा 62 अंशांच्या आसपास दुधाळ व्हायला लागतो. दूध आणि साखरेने ते पातळ झालं की हेच घडायला 75 ते 80 अंश लागतात. 85 च्या पुढे मात्र जाळं इतकं आवळतं की धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. हे तुम्ही खरवसात पाहिलेलं आहे. मंद वाफेवरचा खरवस सुरीला लोण्यासारखा लागतो, आणि जोरात उकळी आलेल्या कुकरमध्ये जास्त वेळ राहिलेल्या खरवसाला भोकं पडतात, ताटलीत पाणी साचतं. तुमच्या टार्टला सुटलेलं पाणी हेच होतं. दूध कमी पडलं किंवा अंडी कमी झाली म्हणून ते सुटलं नाही, त्यामुळे पुढच्या वेळी कॉर्नफ्लोअरचा चमचा घालण्याची गरज नाही.

75 आणि 85 यांच्यातलं हे अंतर लहान आहे. ओव्हन 180 अंशांवर असेल तर टार्ट ते काही मिनिटांत ओलांडतो, तुम्ही फोन घ्यायला गेलात तरी पुरे. 130-135 अंशांवर तेच अंतर कापायला बराच वेळ लागतो आणि नेमका क्षण तुमच्या हातात राहतो. मंद आच ठेवायची ती एवढ्यासाठी.

दूध आणि क्रीम एकत्र करून लिंबाच्या सालीसह तापवा, कडेला बारीक बुडबुडे आले की बंद करा, दहा मिनिटं झाकून ठेवा. सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडवट. तोवर अंडी, बलक, साखर, मीठ एका भांड्यात लाकडी चमच्याने किंवा रबरी स्पॅच्युलाने ढवळा. व्हिस्क बाजूला ठेवा. फेटलं की फेस येतो, फेस वर तरंगून भाजल्यावर खडबडीत साय होते, आणि या टार्टचं सगळं देखणेपण त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागात आहे. दूध पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करा आणि अंड्यांवर बारीक धारेने, ढवळत ढवळत ओता. बारीक गाळणीतून तोटीच्या भांड्यात गाळा. अंड्यातला पांढरा दोरा आणि कुठे गुठळी झाली असेल तर ती गाळणीत राहील. वर फेस आलाच तर चमच्याने काढा, किंवा टिश्यू पेपर वर टेकवून उचला, तो कागदाला चिकटून येतो.

हे मिश्रण आता साधारण 60 अंशांवर आहे, आणि ते असंच गरम, गरम टिनमध्ये ओतायचं आहे. थंड कस्टर्ड थंड कवचात ओतलं तर घट्ट होण्याआधी ते बराच वेळ पातळच राहतं, आणि तेवढा वेळ तळ भिजत राहतो. गरमात गरम ओतलं की भाजायचा वेळही कमी होतो. ओव्हन आधीच 135 अंशांवर उतरवून ठेवलेला असू द्या. कडक भाजणीनंतर दार दोन-तीन मिनिटं उघडं ठेवा आणि थर्मामीटर बघा. टिन एका ट्रेवर ठेवून जाळी अर्धी बाहेर ओढा, टिन जागेवर ठेवूनच तोटीने ओता, कडेच्या खाली 3-4 मिलिमीटर राहेपर्यंत. भरलेला टिन स्वयंपाकघरातून ओव्हनपर्यंत चालवत नेण्यासारखा धोका नाही.

लगेच अर्धं जायफळ किसा. आपण पुरणाला किंवा श्रीखंडाला जायफळ घालतो ते सहाणेवर उगाळून किंवा पूड करून, मिसळून जाण्यासाठी. इथे ते कोरडं, बारीक किसणीवर, थेट वर पडायला हवं, म्हणजे तांबूस ठिपक्यांचा एकसारखा थर दिसतो आणि चावताना आधी त्याचा वास येतो. तयार पूड नको, तिचा सुगंध उडालेला असतो. जायफळ हातात जड लागणारं, भोक नसलेलं निवडा. कोकणात नारळ-पोफळीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून घेतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' ही त्याची जातही काढली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं घरच्या बागेतलं जायफळ कुणी देत असेल तर याच कामासाठी ठेवा. मी कपाटातला मसाल्याचा डबा उघडते तेव्हा त्याच्या शेजारी दुसरं काही असलं तरी फक्त त्याचाच वास येतो, इतकं ते ताजं असतं.

ओटीजीमध्ये वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू, जाळी मधोमध किंवा एक पायरी खाली. वरचा रॉड जवळ असेल आणि लाल होताना दिसत असेल तर सर्वांत वरच्या खाचेत रिकामा ट्रे सरकवा, तो थेट आच अडवतो. पंखा असेल तर बंद ठेवा, वाऱ्याने पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. पाण्याच्या ट्रेत टिन ठेवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी असतो, तो उघड्या वाटीतल्या कस्टर्डसाठी ठीक आहे. टार्टमध्ये पेस्ट्रीच कस्टर्डला आचेपासून जपते, आणि वाफेने कवच मात्र मऊ पडतं.

तिसाव्या मिनिटापासून बघायला लागा. टिनच्या कडेला हातमोज्याने हलकेच एक धक्का द्या आणि पृष्ठभाग पाहा. कडेपासून निघालेली लाट मधून पलीकडच्या कडेपर्यंत गेली तर ते अजून पातळ आहे. पाच-सात मिनिटांनी पुन्हा धक्का द्या. आता कडेचा चार बोटांचा पट्टा हलत नाही, आणि मधला वाटीएवढा भाग लाट न होता सगळा मिळून एकदम थरथरतो. हाच तो क्षण. तुमचं मन सांगेल अजून कच्चं आहे, पाच मिनिटं राहू दे. ऐकू नका, बाहेर काढा. टिनमधली उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटं मध्यभागाकडे जातच राहते आणि तो भाग बाहेरच बसतो. सुईचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 75 अंश दिसले की काढा. ओव्हनमध्येच मध्यभाग घट्ट झालेला टार्ट थंड होईपर्यंत जास्त शिजलेला असतो, आणि तुमच्या टार्टला पडलेली चीर बहुधा अशीच पडली: कडा फुगून वर आल्या, थंड होताना आकसल्या आणि मधला भाग ताणून फाटला. वर हलकी सूज दिसली तर उशीर होत आलाय असं समजा आणि तत्काळ बाहेर काढा.

साधारण 35 ते 45 मिनिटं लागतात. घड्याळाचा उपयोग बघायला कधी सुरुवात करायची एवढाच.

बाहेर काढल्यावर टार्ट टिनसकट जाळीवर ठेवा, पंख्याखाली नको. दहा मिनिटांनी बाहेर लोंबणारी पेस्ट्री धारदार छोट्या सुरीने, आतून बाहेरच्या दिशेने, तासत तासत काढा. पेस्ट्री अजून कोमट असताना ती सरळ कापली जाते. तुकडे मुलांना द्या. राहिलेलं जायफळ आता किसा, कारण भाजताना पहिल्या थराचा बराचसा सुगंध उडतो. पूर्ण निवायला दोन तास लागतात, त्याआधी कापला तर मध्यभाग वाहील आणि तुम्हाला वाटेल कच्चा राहिला. लांब सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, एका दमात खाली दाबा, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा.

आदल्या दिवशी काय करता येईल? सगळा टार्ट करून फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. फ्रीजच्या दमटपणात कवच रात्रभरात मऊ होतं आणि कस्टर्डची चवही थंडीत दबते. त्याऐवजी 24 तारखेला पेस्ट्री पूर्ण भाजा, चिरा बुजवा, पांढऱ्याचा हात द्या आणि थंड झाल्यावर टिनसकट हवाबंद डब्यात, बाहेरच ठेवा. कस्टर्डचं मिश्रणही गाळून फ्रीजमध्ये ठेवता येतं, उलट रात्रभरात फेस पूर्ण बसतो. 25 ला सकाळी कवच 150 अंशांवर पाच-सहा मिनिटं गरम करा, मिश्रणाचं भांडं गरम पाण्यात ठेवून हलकेच ढवळत चांगलं कोमट करा, ओता आणि भाजा. दुपारी एकच्या जेवणाला द्यायचा असेल तर टार्ट दहा-साडेदहापर्यंत ओव्हनबाहेर आलेला असावा, दोन असतील तर पहिला नऊपर्यंत. मुंबईत डिसेंबरमध्येही दुपारी उकडतं, अंडं-दुधाचा पदार्थ निवल्यावर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उरलेला फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी खाण्याआधी वीस मिनिटं बाहेर.

सोबत काय द्यायचं? माझ्या मते काहीही नको. फार तर आंबटगोड काहीतरी, म्हणजे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी त्या दिवसांत येतात, त्या चिरून, थोडी साखर भुरभुरून. चॉकलेट सॉस ओतलात तर जायफळ कुठे गेलं कळणारही नाही.

कस्टर्ड पावडरचं उत्तर: पावडर म्हणजे रंग आणि सुगंध घातलेला कॉर्नफ्लोअर. अल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये बर्मिंगहॅममध्ये ती युक्ती काढली, पत्नीला अंडं चालत नसे म्हणून. बेलेंचं दुकान उघडलं तेच हे वर्ष. आपल्याकडे घरोघरी फ्रूट सॅलडला तीच पावडर असते, आणि तिथे ती छानच लागते. पण स्टार्चचं कस्टर्ड उकळून घट्ट होतं, भाजून नाही. या टार्टमध्ये अंड्यांच्या जोडीला ती घातली तर पोत चिकट आणि पिठूळ होतो.

अंडं न खाणाऱ्यांसाठी मी पावडरकडे न जाता वेगळा टार्ट सुचवते. पेस्ट्रीत अंड्याऐवजी तीन चमचे थंड दूध घाला आणि 10-12 सेंटीमीटरच्या दोन छोट्या टिनमध्ये ती वरच्यासारखीच पूर्ण भाजा. आत ताजा, आंबट नसलेला 150 ग्रॅम चक्का, 150 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि 75 मिली फ्रेश क्रीम, गुठळी न ठेवता ढवळून, गाळणीतून घासून. हे अंड्याशिवाय बसतं, कारण दह्यातली प्रथिनं आंबटपणाने आधीच एकमेकांना धरून असतात आणि आचेने ती पकड पक्की होते. 150 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, खूण तीच, मध्यभाग थरथरता असताना बाहेर. हे मात्र पूर्ण थंड करून, दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवूनच कापायचं, म्हणून ते 24 च्या संध्याकाळी करून टाका. वर तेच जायफळ. पेस्ट्रीला आतून अंड्याचा पांढरा लावायचा नाही हे लक्षात ठेवा, त्याऐवजी वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ थर द्या आणि तो पूर्ण सुकल्यावरच मिश्रण भरा. आणि अंड्याच्या टार्टला वापरलेला ब्रश आणि सुरी या टार्टला लावू नका, दोन वेगळी ठेवा.